क्षयाचा जमाखर्च

आरोग्य आणि पैसा हे दोन शब्द एका वाक्यात आले की सुसंस्कृत मनाला थोडा संकोच वाटतो. रुग्णशय्येजवळ बसून खर्चाची बेरीज करणाऱ्याला आपण निष्ठुर म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जो रुग्णशय्येजवळ बसलेला नसून खजिन्याच्या दाराशी बसलेला आहे, ज्याच्यापुढे एक नव्हे तर लक्षावधी रुग्ण आहेत आणि ज्याच्या हाती येणारी रक्कम मात्र आधीच ठरलेली आहे, त्याने बेरीज केलीच नाही तर काय होईल? अंदाजपत्रकातील प्रत्येक मंजुरीच्या पोटात एक नकार दडलेला असतो. एका शहरात रुग्णालयाची इमारत उभी राहते तेव्हा दहा खेड्यांतील दवाखाने एक वर्ष लांबणीवर पडतात. हा नकार कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. पण तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो चांगलाच कळतो.

सार्वजनिक आरोग्यकार्याच्या आर्थिक मूल्यमापनाचे शास्त्र या अलिखित नकाराला शब्द आणि आकडे देण्याचा प्रयत्न करते. या शास्त्राचा इतिहास पाहू गेल्यास त्यात दोन निरनिराळे प्रश्न आढळतात. पहिला प्रश्न असा, की माणसाच्या जिवाची किंमत किती? दुसरा असा, की हाती असलेल्या पैशात अधिकात अधिक माणसे कोणत्या मार्गाने बरी होतील? वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. त्यांच्यातील अंतर किती मोठे आहे, हे क्षयरोगाच्या भारतातील कथेवरून स्पष्ट होण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न जुना आहे. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगची भयंकर साथ आली. त्यानंतर दोन वर्षांनी, १६६७ मध्ये, सर विल्यम पेटी याने या प्रश्नाचे गणित मांडले. पेटी हा वैद्य होता, भूमापक होता आणि राज्यकारभारातील सर्व गोष्टी वजन, माप आणि संख्या यांत मांडता आल्या पाहिजेत असा त्याचा आग्रह होता. साथीच्या वेळी लोकांना शहराबाहेर नेऊन त्यांची काही महिने व्यवस्था ठेवण्यास माणशी किती खर्च येईल, आणि त्यामुळे जी माणसे वाचतील त्यांचे राष्ट्राला मोल किती, असा त्याने हिशेब केला. आणि खर्चलेल्या प्रत्येक पौंडामागे ८४ पौंडांचा लाभ होईल असे उत्तर काढले. आकड्याच्या अचूकतेला आज फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते युक्तिवादाला. लोकांना वाचविणे हा धर्म तर आहेच, पण तो फायद्याचा व्यवहारही आहे, असे राजसत्तेला पटवून देण्याची ही धडपड होती.

पुढे १८५३ साली इंग्लंडच्या जन्ममृत्यूनोंदणी कार्यालयातील विल्यम फार याने या युक्तिवादाला शास्त्रीय रूप दिले. माणूस उर्वरित आयुष्यात किती मिळवील, त्यातून त्याच्या स्वतःच्या निर्वाहाला किती लागेल, आणि उरलेल्या रकमेचे आजच्या घटकेला मूल्य किती, हे त्याने आयुर्मानाच्या कोष्टकांवरून काढले. उद्या मिळणारा रुपया आज हाती असलेल्या रुपयाएवढा मोलाचा नसतो, हे सावकाराला ठाऊक असलेले तत्त्व त्याने मानवी आयुष्याला लावले. म्युनिक येथे माक्स फॉन पेटेनकोफर याने १८७३ मध्ये दिलेली दोन व्याख्यानेही याच परंपरेतील होत. त्या काळी म्युनिकमध्ये दर हजारी ३३ माणसे मरत, तर लंडनमध्ये २२. हे अंतर स्वच्छ पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि चांगली घरे यांनी भरून निघाले, तर शहराचे किती दिवसांचे आजारपण वाचेल आणि किती मजुरी पदरात पडेल, हे त्याने नागरिकांपुढे मांडले.

या मंडळींचा हेतू उदात्त होता आणि त्यांच्या आकड्यांनी गटारे बांधली गेली, नळ आले, हे नाकारता येणार नाही. पण त्यांच्या पद्धतीतच एक वैगुण्य होते. माणसाची किंमत त्याच्या मजुरीवरून ठरवावयाची म्हटले, की ज्याला मजुरी नाही त्याला किंमत नाही, हे ओघानेच आले. फारच्या कोष्टकात वार्धक्याच्या रकान्यापर्यंत आपण पोहोचलो की किंमत शून्याच्याही खाली जाते. पहाटे उठून पाणी भरणारी, स्वयंपाक करणारी, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी गृहिणी वेतन घेत नाही. मग तिच्या आयुष्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? श्रीमंताचा ताप गरिबाच्या तापापेक्षा महाग ठरविणारे हे गणित लोकशाही राज्याच्या हाती देणे धोक्याचेच होते.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. त्यात क्षयाविषयी तीन आकडे आहेत. रुग्ण सुमारे २५ लाख. दरवर्षी मरणारे सुमारे ५ लाख. आणि त्यांच्यासाठी देशभरातील खाटा सुमारे ६,०००. क्षयावर त्या काळचा मान्य उपचार म्हणजे आरोग्यधामातील दीर्घ वास्तव्य होय. उत्तरेस भोवाली, दक्षिणेस मदनपल्ली, आपल्याकडे मिरजेजवळची वान्लेसवाडी, अशी ही आरोग्यधामे मोकळ्या हवेच्या जागी वसलेली होती. विश्रांती, सकस आहार आणि शुद्ध हवा ही त्यांची त्रिसूत्री.

त्या तीन आकड्यांचा साधा भागाकार करून पाहू. एका खाटेवर वर्षाला दोन रुग्ण उपचार घेतात असे धरले, तर ६,००० खाटांवर वर्षाला १२,००० रुग्णांची सोय होईल. एकही नवा रुग्ण निर्माण झाला नाही तरी २५ लाखांची पाळी यायला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागेल. खाटा दसपट केल्या तरी वीस वर्षे लागतील. आणि क्षय तोवर थांबून राहणारा रोग नव्हे. पुढे १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीने आणखी एक भ्रम दूर केला. क्षय हा दाट वस्तीच्या शहरांचा रोग, ही समजूत खरी नव्हती; खेड्यांतही त्याचे प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. म्हणजे जेथे खाट तर नाहीच, पण तिच्यापर्यंत नेणारा रस्ताही नाही, अशा ठिकाणी बहुसंख्य रुग्ण होते.

मध्यंतरी औषधांच्या क्षेत्रात क्रांती झाली होती. स्ट्रेप्टोमायसिन, पी. ए. एस. आणि १९५२ पासून आयसोनियाझिड ही औषधे उपलब्ध झाली. तेव्हा स्वाभाविकच असा प्रश्न उपस्थित झाला, की औषधच जर जंतूला मारीत असेल, तर खाटेची आवश्यकता किती? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी १९५६ साली मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास राज्याचे शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचे ते संयुक्त कार्य होते.

केंद्राने जो पहिला प्रयोग केला तो रचनेने साधा आणि धैर्याने मोठा होता. मद्रासच्या गरीब वस्तीतील १९३ रुग्ण निवडण्यात आले. कोणी आरोग्यधामात जावयाचे आणि कोणी घरीच राहावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीवर न सोडता, ठरविण्यात आले. औषधे दोघांनाही तीच आणि मुदतही तीच, एक वर्षाची. आरोग्यधामातील रुग्णाला पलंग, विश्रांती, परिचारिका आणि पोटभर सकस अन्न. घरच्या रुग्णाला कोंदट खोली, अपुरे जेवण, भोवती मुलेबाळे आणि औषध आणण्यासाठी दवाखान्यात घालावे लागणारे हेलपाटे. निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते, हे खरे. पण रोग हटण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखे अंतर पडले नव्हते. घरी ठेवलेल्या रुग्णांपासून कुटुंबातील माणसांना अधिक बाधा होईल ही भीतीही, त्या कुटुंबांवर पाच वर्षे लक्ष ठेवल्यानंतर, निराधार ठरली.

हा प्रयोग डॉक्टरांचा होता, अर्थशास्त्रज्ञांचा नव्हे. तरी त्याचा खरा अर्थ खजिन्याच्या दाराशी कळला. दोन मार्गांचे फळ समान असेल तर कमी खर्चाचा मार्ग पत्करावा, हे तत्त्व तेथे रोगाला लागू पडले. एका रुग्णाला वर्षभर आरोग्यधामात ठेवण्यास जे द्रव्य लागे, त्यात घरी राहणाऱ्या कितीतरी रुग्णांना औषध पुरविता येत होते. आणि येथेच तो दुसरा प्रश्न पहिल्यापासून वेगळा होतो. मद्रासच्या हिशेबात कोणाच्याही जिवाची किंमत रुपयांत मांडावी लागली नाही. हमालाची किती आणि कारकुनाची किती, हे कोणी विचारले नाही. रकान्यात एका बाजूस खर्च होता आणि दुसऱ्या बाजूस बरी झालेली माणसे. आणि त्या दुसऱ्या रकान्यात प्रत्येक माणूस एकच मोजला जात होता. याच सुमारास, १९६१ मध्ये, अमेरिकेत बर्टन वाइसब्रॉड हा अर्थशास्त्रज्ञ कर्करोग, क्षय आणि पोलिओ यांच्या निर्मूलनाचे लाभ डॉलरांत मोजणारा ग्रंथ प्रसिद्ध करीत होता. पहिल्या पद्धतीला आपण खर्च-लाभ विश्लेषण म्हणतो, दुसरीला खर्च-परिणाम विश्लेषण. नावात एकाच शब्दाचा फरक आहे. वृत्तीत मात्र पुष्कळ आहे.

मद्रासने उपचाराचा प्रश्न सोडविला, तर रुग्ण शोधण्याचा प्रश्न बंगळूर येथे १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने हाती घेतला. क्ष-किरण यंत्रे मोटारींवर चढवून गावोगाव हिंडावे आणि सर्वांच्या छातीची चित्रे घ्यावीत, ही पाश्चात्त्य देशांतील रीत. यंत्र महाग, वीज नाही, रस्ता नाही. संस्थेत डॉक्टरांच्या जोडीला संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञही होते, आणि त्यांनी एक वेगळीच गोष्ट विचारली: रुग्ण स्वतः काय करतो? मैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात केलेल्या पाहणीतून डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडर्सन यांनी १९६३ मध्ये असे दाखवून दिले, की ज्यांच्या थुंकीत क्षयजंतू सापडले त्यांपैकी बहुतेकांना आपल्याला काही झाले आहे याची जाणीव होती, आणि अर्ध्याहून अधिक माणसे त्यासाठी आधीच एखाद्या दवाखान्याच्या पायऱ्या चढून आली होती. तेथे त्यांना खोकल्याची बाटली मिळाली आणि ती परत गेली.

या निष्कर्षाचा अर्थ किती दूरगामी होता पाहा. ज्याला अडाणी समजून शासन त्याच्या शोधात मोटारी धाडण्याच्या विचारात होते, तो रुग्ण शासनाच्याच दारात येऊन उभा होता. त्या दारात एक सूक्ष्मदर्शक यंत्र आणि थुंकी तपासावयास शिकलेला एक माणूस असता, तर रोग तेथेच पकडता आला असता. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो याच विचारावर: जिल्ह्याला एक केंद्र, आणि तपासणी व औषध सर्वसाधारण दवाखान्यांतून. गरीब देशाने आपल्या गरिबीचे भान ठेवून, पण गरिबाला कमी न लेखता आखलेली ही योजना होती, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवरची कथा अभिमानास्पद आहे. पुढचीही सांगितली पाहिजे. १९९२ साली भारत शासनाने जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडिश साहाय्य संस्था यांच्यासह या कार्यक्रमाचा आढावा घेतला, तेव्हा असे आढळले की उपचार पूर्ण करणारे रुग्ण निम्म्याहूनही कमी होते, औषधांचा तुटवडा होता, निधी अपुरा होता आणि सूक्ष्मदर्शकाऐवजी क्ष-किरणावरच वाजवीपेक्षा अधिक भिस्त होती. मद्रासच्या प्रयोगातील स्वस्त उपचार स्वस्त होता तो औषध नियमित मिळे, घरी भेट देणारी माणसे होती आणि चुकलेल्याचा पाठपुरावा होई म्हणून. शासनाने 'स्वस्त' हा शब्द उचलला आणि त्याला स्वस्त ठेवूनही यशस्वी करणारी माणसे मात्र पुरेशी नेमली नाहीत. खर्च कमी करणे आणि खर्च टाळणे यांतील भेद कागदावर दिसत नाही, दवाखान्यात दिसतो. या आढाव्यानंतर सुधारित कार्यक्रम १९९३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि १९९७ पासून त्याचा विस्तार होत गेला.

दुसरी उणीव अधिक खोल होती. शासनाच्या वहीत शासनाचा खर्च लिहिलेला असतो, रुग्णाचा नसतो. आरोग्यधामाची खाट काढून टाकली तेव्हा रुग्णाचे अन्न, निवारा आणि शुश्रूषा यांचा खर्च नाहीसा झाला नाही; तो सरकारी खात्यातून घरच्या चुलीकडे वर्ग झाला. तो किती होता? चेन्नईच्या त्याच संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी १९९९ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. ३०४ रुग्णांच्या पाहणीत एकेका रुग्णामागे सरासरी ५,९८६ रुपयांचा भार पडल्याचे आढळले; त्यातील मोठा वाटा बुडालेल्या मजुरीचा होता. सरासरी ८३ दिवसांचे काम बुडाले होते. आणि एक आकडा असा, की तो वाचून पुढे जाणे कठीण आहे: घरातील शाळकरी मुलांपैकी ११ टक्क्यांनी शाळा सोडली होती. औषध फुकट होते, पण आजार फुकट नव्हता.

तिसरी गोष्ट अन्नाची. सकस आहारावाचूनही रुग्ण बरा होतो, हे मद्रासने सिद्ध केले. आणि बरे होण्यापुरते ते सत्यच होते. पण त्यातून आहाराचा प्रश्न गौण आहे असा अर्थ निघत गेला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या 'रेशन्स' या प्रयोगाने हा अर्थ तपासून पाहिला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. अन्न सर्वच रुग्णांना दिले गेले. पण निम्म्या भागात रुग्णाच्या कुटुंबीयांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे पुरविण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अन्न मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि इतरांना लागण करणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. मद्रासचा हिशेब चुकलेला नव्हता. त्याने 'रुग्ण बरा होतो का' एवढेच विचारले होते. 'त्याच्या शेजारी झोपलेले मूल निरोगी राहते का' हे अन्नाच्या संदर्भात विचारावयाचे राहून गेले होते. आज रुग्णाला आहारासाठी दरमहा साहाय्य मिळते. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. सहा दशकांपूर्वी वहीतून गळलेली रक्कम अशा रीतीने पुन्हा लिहिली जाऊ लागली आहे.

दरम्यान मोजमापाची साधनेही बदलली. १९९३ साली जागतिक बँकेच्या अहवालाने एक नवे माप प्रचारात आणले. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणात किंवा अपंगत्वात कंठलेली वर्षे यांची एकत्र बेरीज करावयाची, आणि कोणत्या उपायाने एकेक निरोगी वर्ष किती खर्चात वाचते हे पाहावयाचे. त्यामुळे क्षय, हिवताप, बाळंतपण, मनोविकार यांची एका तराजूत तुलना शक्य झाली, आणि क्षयावरील अल्पमुदतीचा औषधोपचार हा सर्वांत किफायतशीर उपायांपैकी एक ठरला. परंतु या मापाच्या मूळ रूपात तारुण्यातील वर्षाला बालपणाच्या किंवा वार्धक्याच्या वर्षापेक्षा अधिक वजन दिलेले होते. म्हणजे फारच्या कोष्टकातील कमावता पुरुष पुढच्या दाराने गेला होता तो मागच्या दाराने परत आला! त्यावर कठोर टीका झाली, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक गणनेत हे वयाचे वजन वगळण्यात आले. तराजू दिसावयास तटस्थ असतो; त्याच्या दांडीत कोणी कोणता निर्णय बसविला आहे हे पाहावेच लागते.

२०१७ पासून आपल्या देशातही आरोग्य संशोधन विभागाच्या आधिपत्याखाली उपचारांचे व साधनांचे असे मूल्यमापन करणारी व्यवस्था उभी आहे. ते स्वागतार्ह आहे. पण तिचे अहवाल ज्यांच्या मेजावर जातात त्यांनी क्षयाची ही कथा स्मरणात ठेवावी असे मला वाटते. प्रस्ताव समोर आला म्हणजे त्यातील शेवटचा आकडा पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. खर्चाच्या रकान्यात कोणाकोणाचा खर्च धरला आहे, शासनाचाच की रुग्णाच्या घरचाही? परिणामाच्या रकान्यात कोण मोजले गेले आहे आणि कोण सुटले आहे? आणि ज्या माणसांच्या बळावर हा उपाय स्वस्त ठरला, ती माणसे पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात आहेत काय?

हिशेबाला घाबरण्याचे कारण नाही. हिशेब केला नसता तर कदाचित आपण अजूनही आरोग्यधामेच बांधीत राहिलो असतो, आणि लक्षावधी माणसे खाटेची वाट पाहत मेली असती. क्षयाच्या खातेवहीतील काही पाने मद्रासने लिहिली, काही तुमकूरने, काही झारखंडने. आणि प्रत्येक वेळी नवी नोंद करावी लागली ती आधी मोजावयाच्या राहून गेलेल्या कोणातरी माणसाची.